कार्यकर्त्याने काय करायचे नाही, हे आधी ठरवा

गोव्यातली नरकासुराची रात्र, म्हणजे नरकचतुर्दशीची आदली रात्र. दोन वाजून गेलेले. ट्रॉलीवर नरकासुराचा पंधरा फुटी पुतळा डोलतो आहे आणि त्याच्या पुढे चालणाऱ्या एका पोराच्या हातात लांब बांबू आहे. वाटेत तार आडवी आली की तो बांबूच्या टोकाने ती वर ढकलतो, मुकुट खालून निसटतो, सगळे ओरडतात, ट्रॉली पुढे सरकते. हे काम त्याला कोणी सांगितले, असे मंडळाला विचारले तर नाव सापडणार नाही. तो उंच होता, पुढे होता आणि बांबू जवळ पडला होता, एवढेच.

गावच्या कार्यक्रमात कार्यकर्त्याला इजा होते ती बहुधा अशाच, कोणी न सांगितलेल्या कामात. प्रेक्षक दोन तास थांबतो आणि घरी जातो. कार्यकर्ता दुपारी खांब रोवायला येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा उचलून जातो. ऊन, विजेच्या तारा, गर्दीचा रेटा, पाणी, जागरण हे सगळे सर्वांत जास्त वेळ त्याच्याच वाट्याला येते. शिवाय तो हौसेने आलेला असतो, त्यामुळे ‘हे मला जमणार नाही’ असे त्याच्या तोंडून निघत नाही. ते वाक्य त्याच्या वतीने आयोजकांनी आधी लिहून ठेवायचे असते.

म्हणून टी-शर्ट आणि शिट्ट्या वाटण्याआधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. उभे कुठे राहायचे, किती वाजेपर्यंत, अडचण आली तर कोणाला फोन करायचा, आणि खाली ठळक अक्षरांत काय करायचे नाही. शेवटची ओळ जागेप्रमाणे बदलते. ती कशी ठरवायची, हेच पुढे एकेका जागेवर जाऊन पाहू.

तारेखाली

नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणारी कमी दाबाची उघडी तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, किमान ६.१ मीटर उंच असावी लागते. आकडे ऐकायला दिलासा देणारे आहेत, पण ते तार बसवली तेव्हाचे. तार उन्हाने आणि वयाने झोळ धरते. खांब कलतात. आणि आपल्याकडे दर काही वर्षांनी हॉटमिक्स डांबराचा नवा थर चढला की तार तिथेच राहते, रस्ता मात्र वर येतो. एक मीटर उंच ट्रॉलीवर पंधरा फुटी, म्हणजे साडेचार मीटरचा पुतळा उभा केला की साडेपाच मीटर झाले. झोळ आलेल्या तारेला तो टेकायला खड्ड्यातला एक धक्का पुरतो. शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या उत्सवातल्या, चित्ररथाचेही तेच.

बांबूने उचलल्या जाणाऱ्या तारा बहुतेक वेळा केबल टीव्हीच्या किंवा इंटरनेटच्या असतात, हे खरे. त्यामुळेच तर ही सवय टिकली आहे. दहा वेळा काही होत नाही. पण या केबल विजेच्याच खांबांवरून जातात. कुठेतरी चार खांब पलीकडे त्यातली एखादी उघड्या तारेला घासत असेल तर ते खाली उभ्या असलेल्याला दिसणार नाही. ओल्या किंवा हिरव्या बांबूतून वीज वाहते. ऑक्टोबरातल्या पहाटेच्या दवात कोरडा बांबू मिळणेच मुश्कील. आणि ११ केव्हीच्या तारेला प्रत्यक्ष टेकायलाच हवे असेही नाही. अगदी जवळ गेल्यावर वीज हवेतून उडी घेते.

याला उपाय कंटाळवाणा आहे, पण चालणारा आहे. मिरवणुकीच्या आठवडाभर आधी वीज खात्याच्या लाइनमनला घेऊन सगळा मार्ग चालून या. सर्वांत खालची तार कुठे आहे ते त्याला मोजू द्या. आपण काठी घेऊन मोजायला जाऊ नये. त्या आकड्यावरून पुतळ्याची उंची ठरवा, उलट नव्हे. उघड्या तारेपासून तीन मीटर अंतर राखायचे असे धरले तर उंच पुतळा त्या तारेखालून चालू स्थितीत नेताच येत नाही, हे लगेच ध्यानात येईल. मग दोनच वाटा: मार्ग बदला, किंवा खात्याला लेखी अर्ज देऊन ठरलेल्या वेळेत तेवढ्या भागाची वीज बंद करून घ्या. बंद झाल्याचे लाइनमनने जागेवर येऊन सांगेपर्यंत तार चालू आहे असेच समजायचे. ‘मघाशी दिवे गेले होते’ हा पुरावा नव्हे. दिवे परत येतात.

केबल खरोखरच आडवी येत असेल तर केबलवाल्याला आदल्या दिवशी बोलवा आणि ती त्याच्याकडून वर बांधून घ्या. मिरवणुकीत बांबू नकोच. चिठ्ठीवरची पहिली ओळ: कोणतीही तार, कोणत्याही वस्तूने, हलवायची नाही.

तरीही लोखंडी ट्रॉली तारेला लागलीच तर? ट्रॉलीवर असलेल्याने तिथेच थांबायचे आणि काहीही धरून खाली उतरायचे नाही. एक पाय जमिनीवर आणि हात ट्रॉलीवर अशा स्थितीत वीज त्याच्यातून जमिनीत उतरते. आग लागली तरच उडी मारायची, तीही दोन्ही पाय जोडून, आणि मग पाय न उचलता, फरफटत, लहान पावलांनी दूर जायचे. तार पडलेल्या जागेभोवती जमिनीतच वीज पसरलेली असते. लांब ढांग टाकली तर दोन पायांखालच्या विजेच्या दाबातला फरक शरीरातून जातो. बाकी सगळ्यांनी किमान दहा मीटर दूर. वीज खात्याचा क्रमांक १९१२, आपत्कालीन ११२. घरगुती दाबाचा झटका बसून कोणी चिकटला असेल तर आधी मेन स्विच. कोरड्या लाकडाने बाजूला करण्याचा उपाय फक्त घरगुती दाबासाठी. ११ केव्हीला तो लागू नाही. तिथे पुरवठा तुटेपर्यंत जवळ जाणारा दुसरा बळी ठरतो.

माटवातली, म्हणजे मांडवातली, वीज वेगळी. तिथे खर्च थोडा आणि फायदा मोठा असलेली एकच वस्तू आहे: ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. अंगातून वीज गळू लागली की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. साधा एमसीबी हे करत नाही. तो तारा वाचवतो, माणूस नाही. जनरेटरवरून येणाऱ्या लाइनलाही ती लावा आणि रोज संध्याकाळी तिचे ‘टी’ अक्षराचे बटण दाबून ती पडते का पाहा. पडत नसेल तर ती शोभेची आहे. त्या फेरीतच जमिनीवरचे टेप गुंडाळलेले जोड शोधा आणि ते ओल्यातून उचलून टांगा. जनरेटर तापलेला असताना त्यात पेट्रोल ओतू नका, आणि तो माटवाच्या आडोशाला नव्हे, उघड्यावर ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गर्दीच्या तोंडावर

३ मे २०२५च्या पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली, अनेक जखमी झाले. उताराच्या वाटेवर काही जण पडले आणि मागचे त्यांच्यावर पडत गेले. तेव्हापासून ‘गर्दी आवरा’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येते. पण गर्दी आवरायची म्हणजे नेमके काय, हे ठरत नाही, आणि मग चाळीस कार्यकर्ते हातात हात घालून साखळी करतात.

ही साखळी गर्दीला वळण द्यायला ठीक आहे. रेटा थोपवायला ती उपयोगाची नाही. शेकडो माणसे पुढे झुकली की लोखंडी कठडे वाकतात. दंडाला दंड कुठे टिकणार? साखळी तुटते तेव्हा सर्वांत पुढे आणि सर्वांत आधी खाली जातो तो साखळीतला पोरगा. त्याचे हात अडकलेले असतात, त्यामुळे पडताना त्याला स्वतःला सावरता येत नाही.

गर्दीत माणसे दगावतात ती तुडवली जाऊन, असा समज आहे. बऱ्याचदा ती उभ्याउभ्याच गुदमरतात. छाती चहूकडून दाबली गेली की श्वास आत घेता येत नाही. दर चौरस मीटरला चार माणसांपर्यंत लोक हळूहळू का होईना, आपल्या पायांनी चालतात. पाचाच्या वर गेले की ते चालत नाहीत, ढकलले जातात. सहा-सातला गर्दी पाण्यासारखी वागू लागते. मागे दिलेला धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि पुढच्याला तो अडवता येत नाही.

हे नजरेने मोजायची सोपी रीत आहे. आदल्या दिवशी अरुंद जागेत चुन्याने किंवा रंगाने तीन मीटर बाय तीन मीटरचा चौकोन आखा आणि जवळच्या गच्चीवर, कट्ट्यावर, कुठेतरी उंच एक माणूस बसवा. चौकोनात नऊ चौरस मीटर आहेत. छत्तीस डोकी दिसली की आत सोडणे कमी करायचे. पंचेचाळीस दिसली की थांबवायचे. रेषा पायांखाली झाकल्या गेल्या तरी कोपऱ्यांवर खुणेच्या काठ्या असल्या की अंदाज येतो. खाली उभ्या असलेल्याला फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसते, त्यामुळे हे काम वरूनच होते. लोक मनाविरुद्ध डोलू लागले, लहान मुले डोक्यावर घेतली जाऊ लागली, ओरडण्याचा सूर बदलला, तर मोजत बसू नका.

थांबवायचे कुठे, यावर सगळे अवलंबून आहे. होमखंडाजवळ, म्हणजे जत्रेतल्या होमाच्या आगीजवळ, गाभाऱ्याच्या दाराशी किंवा स्टेजसमोर थांबवले तर मागचे येतच राहतात, कारण पुढे काय चालले आहे ते त्यांना ठाऊक नसते. थांबवायचे ते शंभर-दोनशे मीटर मागे, जिथे रस्ता रुंद आहे आणि लोकांना बाजूला उभे राहायला मैदान किंवा शेत आहे. उतार संपण्याआधी नव्हे, उतार सुरू होण्याआधी. आणि कारण सांगा. ‘पुढे जागा नाही, दहा मिनिटांनी सोडतो’ एवढे स्पीकरवरून मराठीत आणि कोंकणीत सांगितले तर लोक ऐकतात. नुसती शिट्टी ऐकून ते जास्त पुढे सरकतात.

बाहेर पडण्याचा हिशेब आदल्या दिवशी कागदावर करा. एक मीटर रुंद सपाट वाटेने मिनिटाला साधारण ऐंशी माणसे बाहेर पडतात, पायऱ्यांवर पासष्टच्या आसपास. देवळाच्या दोन मीटर दारातून हजार माणसे बाहेर यायला सहा-सात मिनिटे लागणार, तीही दारात चणेवाला बसलेला नसेल तर. चणेवाल्याला उठवणे अवघड जाते, म्हणून त्याची जागा आखतानाच दारापासून दूर द्या.

कार्यकर्त्याने उभे राहायची जागा: कठड्याच्या बाहेर, आणि पाठीमागे सुटायला वाट असेल अशी. गर्दी आणि भिंत, गर्दी आणि रथ, गर्दी आणि बंद फाटक यांच्यामध्ये कोणालाही उभे करू नका. फाटकाला कुलूप नको. खिळ असावी आणि ती काढायचा अधिकार तिथे उभ्या असलेल्यालाच असावा. रेटा आला तर धरून ठेवायचे नाही, उघडायचे. ‘परवानगी विचारतो’ म्हणून फोन लावेपर्यंत उशीर होतो, आणि दहा हजार लोक जमलेल्या जागी मोबाइल लागतही नाही. चिठ्ठीवर लिहा: फाटक धरून ठेवायचे नाही, साखळी करून रेटा अडवायचा नाही. स्वतः सापडलाच तर दोन्ही हात मुठी करून छातीपुढे धरायचे, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. रेट्याच्या उलट न जाता लाट ओसरली की तिरके बाहेर सरकायचे.

ऊन, घाम आणि पाण्याची बाटली

किनारी भागात कमाल तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त गेले की हवामान खाते उष्णतेची लाट म्हणते. गोव्यात पारा तिथवर क्वचित जातो, म्हणून ऊन लागणे हा विदर्भाचा त्रास असे आपण मानतो. पण अंग थंड होते ते घाम सुकल्याने, नुसते घाम आल्याने नाही. हवा दमट असली की घाम ओघळतो, सुकत नाही. ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असताना अंगाला साधारण ४२ अंशांसारखे वाटते, आणि हा सावलीतला हिशेब आहे. उन्हात उभे राहिले की त्यात आणखी आठ अंशांपर्यंत भर पडू शकते. शिगम्याचे चित्ररथ संध्याकाळी निघतात हे खरे, पण रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणारी पथके, रांगेत लावणारे कार्यकर्ते दोन वाजल्यापासून डांबरावर उभे असतात.

पाणी किती? दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर. तासाला पाऊण लिटरच्या आत-बाहेर. चार तासांच्या पाळीला एका माणसाला तीन लिटर. चाळीस कार्यकर्ते असतील तर १२० लिटर, म्हणजे वीस लिटरचे सहा जार, फक्त त्यांच्यासाठी. हे प्रेक्षकांच्या पाण्यात मिसळू नका, नाहीतर कार्यकर्त्याला शेवटी रिकामा जार मिळतो. तहान लागण्याची वाट पाहू नका. तोवर उशीर झालेला असतो. उलट, तासाला दीड लिटर नुसते पाणी ढोसणेही चांगले नाही. रक्तातले मीठ पातळ होते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण सुरू होते. दोन तासांपेक्षा जास्त घाम गाळणाऱ्याला मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा कोकम सरबत द्या, नाहीतर ओआरएस. पुडीवर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात, बहुधा पूर्ण एक लिटरमध्ये, पूर्ण पुडी. पेल्यात अर्धी टाकून नव्हे. फळांच्या चवीची गोड पेये ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत.

मार्च-एप्रिल हा हुर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचाही हंगाम. ‘लिंबू पिळून थोडीशी घेतली की ऊन बाधत नाही’ असे सांगणारा प्रत्येक वाड्यावर असतो. दारूने लघवी वाढते, अंगातले पाणी जाते आणि आपण थकलो आहोत हे कळायचे बंद होते. पाळी संपेपर्यंत शून्य.

एक गोष्ट बैठकीत कोणी बोलत नाही. मुली आणि बायका दिवसभर पाणी पीतच नाहीत, कारण जवळ संडास नसतो. त्यांच्यासाठी पाण्याची बाटली ठेवणे हा अर्धाच बंदोबस्त झाला. जवळच्या एखाद्या घरात, शाळेत किंवा पंचायतीत आधी विचारून ठेवा आणि किल्ली कोणाकडे आहे ते चिठ्ठीवर लिहा.

ऊन लागण्याच्या दोन पायऱ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली: खूप घाम, चक्कर, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, माणूस मात्र नीट बोलतो. सावलीत आडवे करा, पाय थोडे वर, बूट-पट्टा सैल, घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर डॉक्टर. दुसरी: बोलणे असंबद्ध होते, चाल अडखळते, चिडतो, भलत्याच नावाने हाक मारतो किंवा कोसळतो. अंगाचे तापमान ४० अंशांवर गेलेले असते. घाम थांबलेला असेलच असे नाही, त्यामुळे ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ हा तर्क चुकीचा. हा उष्माघात आहे आणि इथे मिनिटे मोजायची असतात. १०८ला फोन, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बसून न राहता पाणी ओतत राहा. थंड पाण्याचा टब असेल तर मानेपर्यंत बुडवून डोके धरा. नसेल तर अंगावर सतत पाणी, जोरात वारा, आणि काखेत, मानेला, जांघेत बर्फ. मासळीवाल्याचा बर्फही चालतो. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका. क्रोसिनने हा ताप उतरत नाही.

विसर्जनाच्या पाण्यात

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नद्या भरलेल्या असतात, पायऱ्यांवर शेवाळ असते आणि गणपती दीड, पाच, सात, नऊ, अकरा दिवसांनी बहुधा अंधार पडल्यावरच निघतो. किनाऱ्यांवर ‘दृष्टी’ या संस्थेचे जीवरक्षक असतात; गावच्या नदीकाठी किंवा तळीवर असतीलच असे नाही. मग ‘पोहता येते ना?’ एवढ्या प्रश्नावर दोन पोरे कमरेएवढ्या पाण्यात उतरतात.

पोहता येणे आणि बुडणाऱ्याला काढता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. बुडणारा माणूस हाताला लागेल ते दाबून वर येतो, आणि हाताला लागतो तो वाचवणारा. म्हणून क्रम असा: काठावरून काठी किंवा ओढणी पुढे करा, पोचत नसेल तर काहीतरी तरंगणारे फेका, होडी असेल तर होडी, उडी फक्त प्रशिक्षित माणसाने, तीही तरंगणारी वस्तू सोबत घेऊन. फेकायला रिंग नसेल तर पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, तळाशी दोन बोटे पाणी ठेवा म्हणजे तो वाऱ्याने भरकटत नाही, झाकण घट्ट लावा आणि त्याला वीस-पंचवीस मीटर पॉलीप्रॉपिलीनची दोरी बांधा. ही दोरी तरंगते. सुंभ भिजून जड होतो. दोरी आधी चार वेळा फेकून बघा. गुंता झालेला तेव्हाच कळतो.

एक चूक विशेष धोक्याची. पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधून तिचे टोक काठावर धरतात. प्रवाह नसलेल्या तळीत ते चालून जाते. वाहत्या पाण्यात दोरी ताणली की प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि गाठ ताणात सुटत नाही. बांधायची ती दोरी माणसाला नव्हे, मूर्तीच्या पाटाला. पाण्यातल्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, खोली कमरेपर्यंतच, आणि मूर्तीच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जिकडे जातो तिकडे, कोणी नाही. मूर्ती कलंडली तर ती त्याच बाजूला येते.

खाडीच्या तोंडाशी आणि समुद्रावर विसर्जन असेल तर त्या दिवसाची भरती-सुकती (ओहोटी) पाहून वेळ ठरवा. सुकतीला पाणी बाहेर ओढते. पावसाने फुगलेली नदी आणि सुकती एकत्र आली की ओढ दुप्पट वाटते. पूर्ण भरती आणि सुकती लागण्याच्या मधला पाण्याचा संथ वेळ सर्वांत बरा. देवाचा मुहूर्त पाळायचाच असेल तर काठावर परातीत, टाकीत विसर्जन हा पर्याय आहे, आणि तो आता बऱ्याच ठिकाणी स्वीकारला जातो.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबू नका. पाणी निघत नाही, पोटातले अन्न मात्र श्वासनलिकेत जाते. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, तीस वेळा दाबल्यावर दोन श्वास. १०८ येईपर्यंत थांबायचे नाही. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला, कारण थकलेला हात वरवर दाबतो.

गडगडाट, चिखल, ढोल

मे अखेरीस आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग गडगडू लागले की लख्ख दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मैदान रिकामे करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे परतू नका. लोखंडी पाइपांचा माटव निवारा नव्हे, झाड तर नाहीच. पक्के घर किंवा काचा लावलेली गाडी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप एकाच्या फोनवर चालू असू द्या. वीज अंगावर पडलेल्या माणसात वीज शिल्लक राहत नाही. त्याला लगेच हात लावा, श्वास पाहा.

आषाढात माशेलला चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, असतो, आणि जूनपासून गावोगाव झाडे लावण्याचे, ओहोळ साफ करण्याचे कार्यक्रम. पायाला जखम असलेल्याला चिखलात उतरवू नका. उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस त्या जखमेतून शिरतो. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर डॉक्टरांना ‘चिखलात होतो’ हे आपणहून सांगायचे. गवतात काम असेल तर बूट, आणि हात घालण्याआधी काठी. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका. हात-पाय न हलवता थेट सरकारी इस्पितळ.

ढोल-ताशांच्या किंवा स्पीकरच्या पुढ्यात चार तास उभा राहिलेला कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी कानात शिटी वाजते म्हणतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते; १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच. फोमचे बोळे दहा-वीस रुपयांचे असतात. बारीक वळून, कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. नुसते टोचून ठेवले तर काही उपयोग नाही.

यादी आणि १०८

प्रत्येक आठ-दहा जणांमागे एक प्रमुख. त्याच्याकडे कागदावर यादी: नाव, वय, घरचा फोन, रक्तगट, दमा-मधुमेह-फिट असे काही आहे का, आला कधी, गेला कधी. फोनमध्ये नको, बॅटरी जाते. अठरा वर्षांखालच्यांना पाणी वाटणे, माहिती देणे अशी कामे द्या. रस्ता, पाणी, आग, वीज आणि रात्र त्यांना नको, आणि पालकांची सही हवी. वाहने अडवण्याचा अधिकार पोलिसांचा. कार्यकर्त्याने चकाकणारे जाकीट घालून रस्त्याच्या कडेला, वाहनांकडे तोंड करून उभे राहायचे. गाडीपुढे हात करून आडवे यायचे नाही.

रुग्णवाहिकेसाठी साडेतीन मीटरची एक वाट शेवटपर्यंत मोकळी ठेवा आणि ती माटवाच्या नकाशावर रंगवा. १०८ला फोन करताना ‘देवळाजवळ’ म्हणू नका. आपल्याकडे प्रत्येक वाड्यावर देऊळ, खुरीस (क्रूस) आणि बार आहे. गावाचे नाव, वाड्याचे नाव आणि मुख्य रस्त्यावरची एक ठळक खूण आधीच चिठ्ठीवर लिहून द्या, आणि फोन झाल्याबरोबर एकाला टॉर्च घेऊन त्या खुणेपाशी पाठवा. समूह अपघात विमा काढता येतो. परवानग्यांच्या फाइलीसोबतच तो अर्ज करा, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कोणी विचारत नाही.

पहाटे घरी जाताना

नरकासुर जाळून झाला. फटाके भरलेला पुतळा विझला असे वाटले तरी आतल्या न फुटलेल्या फटाक्यांना तास-दीड तास वेळ द्या; लोखंडी सांगाडा ओढायला लगेच जाऊ नका. पाणी मारा, मग.

आणि इथून पुढचा धोका रात्रभरातला सर्वांत मोठा असू शकतो. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे एक थेंबही न घेतलेला कार्यकर्ता, सकाळी सातला कामावर गेलेला आणि रात्रभर पुतळ्यामागे चाललेला, पहाटे पाचला स्कूटरवर बसतो तेव्हा तो प्यायल्यासारखाच चालवत असतो. पाळी चार तासांची, फार तर सहा, असे ठरवण्यामागे हेही कारण आहे. ज्यांची पाळी पहाटे संपते त्यांनी येतानाच गाडी घरी ठेवावी. एक मिनीबस किंवा दोन रिक्षा आधीच सांगून ठेवल्या तर तो खर्च स्पीकरच्या भाड्यापुढे काहीच नाही. ते जमत नसेल तर माटवात चटया टाका आणि तासभर झोपू द्या.

प्रमुखाने यादी हातात घेऊन शेवटची फेरी मारायची. प्रत्येक नावापुढे ‘गेला’ची वेळ आणि कोणासोबत गेला ते लिहायचे. एखादे नाव रिकामे असेल तर फोन लावायचा. उचलला नाही तर घरी फोन करायचा, आणि तरीही पत्ता लागला नाही तर त्याच्या घरच्या वाटेने गाडी घेऊन जायचे.